टॉवरातला स्नेहमेळावा आणि चाळीतला समाज

वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या एकाच खोलीत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या, मजल्याच्या टोकाला असलेल्या सामाईक संडासापुढे ज्यांनी उभा जन्म रांग लावली, ती माणसे ५०० चौरस फुटांच्या घराची मालक झाली. या घटनेचा आम्हाला मनापासून आनंद झाला. गरिबीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी आम्ही नाही. चाळीची आठवण काढून गहिवरणारे बहुतेक जण चाळ सोडून गेलेले असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. वरळीच्या १२१ चाळी, नायगावच्या ४२ आणि ना. म. जोशी मार्गावरच्या ३२ चाळी आज ना उद्या टॉवर होणार आहेत आणि तिथल्या माणसांना त्यांच्या हक्काचे घर मिळालेच पाहिजे, याबद्दल कोणाचेही दुमत असण्याचे कारण नाही.

पण त्याच सुमारास आमच्या हाती एक निमंत्रणपत्रिका पडली आणि या आनंदाला एक काटा टोचला. पत्रिका होती मध्य मुंबईतल्या एका वातानुकूलित सभागृहात भरणाऱ्या कौटुंबिक स्नेहमेळाव्याची. वरच्या बाजूला तथागताची आणि बाबासाहेबांची छबी. खाली लिहिले होते : समाजातील वर्ग एक व वर्ग दोनचे अधिकारी, डॉक्टर, इंजिनिअर, वकील व उद्योजक यांच्या कुटुंबीयांसाठी, प्रवेश फक्त निमंत्रितांना. प्रत्येक कुटुंबाकडून घ्यायची जी रक्कम छापली होती, तिच्यात नायगावच्या चाळीतल्या एखाद्या घराचा महिन्याचा किराणा भरला असता. ही पत्रिका आम्हाला कोणा अधिकाऱ्याने दिलेली नाही. ती आणून दिली मंडप आणि खुर्च्यांचे काम करणाऱ्या आमच्या ओळखीतल्या एका तरुणाने. त्या दिवशी सभागृहात खुर्च्या मांडायचे काम त्याच्याकडे होते. तो एवढेच म्हणाला, "दादा, फोटो आपलाच आहे, पण बोलावणं आपल्याला नाही."

त्या मुलाच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हाला जास्त लागले. मेळावा कोणाचा होता, हे आम्ही येथे लिहिणार नाही. कारण प्रश्न एका मेळाव्याचा नाही. गेल्या काही दशकांत मुंबईत, ठाण्यात, नवी मुंबईत आपल्या शिकल्या-सवरल्या कुटुंबांची अशी कितीतरी मंडळे उभी राहिली आहेत. कोणी त्यांना परिवार म्हणतात, कोणी फोरम म्हणतात, कोणी सरळ क्लब म्हणतात. ही मंडळे असावीत की नसावीत? असावीत तर कोणासाठी? हा वाद आज शांत डोक्याने घालण्याची गरज आहे.

या शहराला क्लबाची चाल इंग्रजांनी शिकवली. १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला तो गोऱ्यांसाठी. हिंदी माणसाला तिथे प्रवेश होता तो पट्टेवाला किंवा वेटर म्हणून. मग मरीन लाइन्सच्या समुद्रकिनाऱ्यावर पारशांचा, मुसलमानांचा आणि हिंदूंचा असे वेगवेगळे जिमखाने उभे राहिले. हिंदू जिमखाना १८९४ सालचा. ज्यांना गोऱ्यांनी दाराबाहेर ठेवले, त्यांनी आपापल्या धर्माचे दार बांधले. या हिंदूंच्या दारात अस्पृश्याची जागा कोणती होती, याचे उत्तर बाळू पालवणकर या थोर गोलंदाजाच्या आयुष्यात सापडते.

बाळू चर्मकार समाजातले. पुण्याच्या मैदानावर सवर्ण खेळाडूंना त्यांनी टाकलेला चेंडू चालत असे. तोच चेंडू उचलून फेकताना कोणाला विटाळ होत नसे. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसत आणि बाळूंना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. मुंबईच्या हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले, कारण गोऱ्यांना हरवायचे तर बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवाचून गत्यंतर नव्हते. १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. ते मिळाले १९२३ साली, त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले आणि बाबासाहेब निवडून आले, हा इतिहास आपल्याला माहीत आहे. जिमखान्याला बाळूंचे बळी हवे होते, बाळू नको होते. सवर्ण क्लबाचा हा नियम पुढेही बदलला नाही. १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर सहकाऱ्यांनी हरकत घेतलीच होती. परदेशी पदव्या घेतलेल्या प्राध्यापकाची ही कथा.

वरच्या वर्गाचे सोडा. परळ-लालबागच्या गिरण्यांत तरी काय होते? तिथे सगळे कामगार, सगळ्यांच्या डोक्यावर एकच भोंगा. तरी विणखात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्याला मज्जाव. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने विटाळ होतो, हे कारण. कामगारांची एकजूट सांगणाऱ्या पुढाऱ्यांना १९२० च्या दशकात बाबासाहेबांनी हाच प्रश्न विचारला होता. सार्वजनिक उत्सवाचीही तीच तऱ्हा. दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा म्हणून १९२६ साली बाबासाहेब, रावबहादूर बोले आणि प्रबोधनकार ठाकरे यांना उभे राहावे लागले. वर्गणी सगळ्यांची चाले, स्पर्श मात्र काहींचाच चाले.

अशा शहरात आपल्या माणसांनी आपली जागा उभी केली यात नवल नाही. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा घेतली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा जन्माला आली. या सभेच्या कामांची यादी आजच्या तरुणांनी मुद्दाम वाचावी. सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह, मुंबईत मोफत वाचनालय आणि महार हॉकी क्लब! होय, क्लब. पोरे जुगार-दारूच्या वाटेला लागू नयेत म्हणून त्यांच्या हातात हॉकीची काठी देणारा क्लब. म्हणजे क्लब हा शब्द आपल्या चळवळीला परका नाही. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांच्याच सभेने तो चालवला. पण त्याचे दार चाळीकडे उघडत होते. आत येण्यासाठी बापाचा हुद्दा विचारला जात नव्हता.

त्याच वाटेने पुढे चाळीचाळीत व्यायामशाळा निघाल्या, कबड्डीचे संघ निघाले, वाचनालये निघाली, जिन्याखाली आणि व्हरांड्यात रात्रीचे अभ्यासवर्ग बसले. गावोगावच्या मंडळांनी मुंबईत खोल्या घेतल्या. त्या खोल्यांत गावाहून आलेला पोरगा वळकटी टाकून पडे आणि नोकरी लागेपर्यंत त्याच्या जेवणाची सोय कोणीतरी बघे. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखांनी लग्ने लावली, मयते उचलली, भांडणे मिटवली. बाबासाहेब स्वतः वीस वर्षांहून अधिक काळ परळच्या बीआयटी चाळीत राहिले. जगाच्या विद्यापीठांत शिकून आलेला तो महामानव चाळीतल्या दोन खोल्यांतून चळवळ चालवत होता, हे विसरता येत नाही.

आता थोडे सातासमुद्रापलीकडे पाहू. आपले आणि अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचे नाते जुने आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेव्हा काळ्यांची हार्लेम वस्ती शेजारीच वाढत होती. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डॉ. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. मात्र त्या समाजाची एक दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

१९०४ साली फिलाडेल्फिया शहरात काळ्या डॉक्टर मंडळींनी 'बूले' या नावाने ओळखली जाणारी एक बंद संघटना काढली. त्याच शहरात १९३८ साली काही काळ्या मातांनी 'जॅक अँड जिल' हा कुटुंबांचा क्लब काढला. कारण अगदी रास्त होते. गोऱ्यांच्या क्लबात, पोहण्याच्या तलावावर, नाचाच्या वर्गात काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. शिकलेल्या, कमावत्या घरातली ही मुले गोऱ्या शाळेत एकटी पडत. त्यांना आपल्यासारखी मुले भेटावीत, आपल्या रंगाची लाज वाटू नये, म्हणून या आया एकत्र आल्या. आज या क्लबाच्या दोनशेहून अधिक शाखा आहेत. दोन ते एकोणीस वर्षांची मुले असलेल्या माता सभासद होतात. पण अर्ज केला की सभासदत्व मिळत नाही. आतल्या कोणीतरी बोलवावे लागते.

आणि गोम इथेच आहे. बोलवायचे कोणाला? बाप डॉक्टर असलेल्याला, वकील असलेल्याला, चांगल्या वस्तीत घर असलेल्याला. याच क्लबात वाढलेल्या लॉरेन्स ओटिस ग्रॅहॅम यांनी १९९९ साली या उच्चभ्रू काळ्या जगावर पुस्तक लिहिले. त्यात कातडी किती उजळ, केस किती सरळ यावर माणसाची पत ठरवण्याच्या रीतीबद्दल त्यांनी लिहिले आहे. कागदी पिशवीपेक्षा कातडी गडद असेल तर दाराबाहेर, अशी ती कसोटी! गोऱ्यांनी जी मोजपट्टी काळ्यांना मारली, तीच काळ्यांनी काळ्यांना लावली. त्याआधी १९५७ साली समाजशास्त्रज्ञ फ्रँकलिन फ्रेझियर यांचा काळ्या मध्यमवर्गावरचा ग्रंथ इंग्रजीत आला आणि त्या समाजात खळबळ उडाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की हा वर्ग मेजवान्या आणि मानमरातबाच्या खोट्या जगात रमला आहे. गोरे त्याला आपले मानत नाहीत आणि आपल्या गरीब भावंडांना तो आपले मानत नाही.

डॉ. ड्यू बॉईस यांची कथा तर आपल्या काळजाला भिडणारी आहे. १९०३ साली त्यांनी मांडले होते की समाजातला बुद्धिमान दहावा हिस्सा शिकून पुढे जाईल आणि बाकीच्यांना वर ओढील. ते स्वतः बूलेचे सभासद होते. १९४८ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, याच बूलेच्या अधिवेशनात उभे राहून त्यांनी आपली चूक कबूल केली. ज्ञान आले की त्याग आपोआप येईल असे मी समजलो होतो, पण स्वार्थ त्यागापेक्षा अधिक सहज येतो हे माझ्या लक्षात आले नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. समोर बसलेले सगळे त्या दहाव्या हिश्श्यातले होते. त्यांना त्यांच्याच सभेत हे ऐकवायला धैर्य लागते.

वाचकहो, हे वाचताना तुम्हाला १८ मार्च १९५६ चा आग्र्याचा दिवस आठवला असेल. बाबासाहेबांनी त्या सभेत भरल्या मनाने सांगितले की शिकलेल्या लोकांनी मला दगा दिला. शिकून ते समाजाची सेवा करतील असे वाटले होते, पण कारकुनांची एक फौज पोट भरण्यात गुंतलेली दिसते. पृथ्वीच्या दोन टोकांना, आठ वर्षांच्या अंतराने, दोन महापुरुष आपापल्या शिकलेल्या माणसांविषयी एकच दुःख सांगत होते. याचा अर्थ हा दोष आपल्या रक्तात आहे असा नव्हे. दडपलेल्या समाजातून जो वर्ग वर चढतो, त्याच्यासमोर हा मोह सगळीकडे उभा राहतो. म्हणूनच शिव्या देऊन भागत नाही. मोहाची जात ओळखावी लागते.

आपल्याकडे 'दलित ब्राह्मण' हा शब्द चांगलाच रुळला आहे. तो फेकून मारणे सोपे आहे. आम्ही मात्र आधी दुसरी बाजू मांडू. आपला अधिकारी कचेरीत 'कोट्यातून आलेला' असतो. त्याची मुलगी महागड्या शाळेत जाते, तिथे आडनावावरून चौकशी होते. सोसायटीत घर घेताना दलाल 'तुम्ही कोण?' विचारतो. बाबूराव बागुलांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव दिले. जात चोरण्याची पाळी साठ वर्षांनंतरही संपलेली नाही, फक्त भाड्याच्या खोलीऐवजी ती फ्लॅटच्या दारात येते. अशा मुलीला वर्षातून चार दिवस तरी जिथे 'जयभीम' मोठ्याने म्हणता येईल, भिंतीवरच्या तसबिरीचा खुलासा करावा लागणार नाही, अशी जागा हवी की नको? हवीच. तिच्या आईबापांनी एकत्र येणे हा गुन्हा नाही. फिलाडेल्फियाच्या त्या मातांचाही नव्हता.

चूक पुढच्या पायरीवर होते. दार जातीयतेपासून संरक्षणासाठी बांधले जाते आणि हळूहळू ते आपल्याच माणसांपासून संरक्षणासाठी वापरले जाते. आधी वर्गणी वाढते. मग कार्यक्रम इंग्रजीत होतात. मग 'आपल्या स्तराची माणसे' हा शब्द येतो. मग वधू-वर मेळावा भरतो आणि त्याच्या अर्जात मुलाचा हुद्दा, स्वतःचे घर, पगार हे रकाने तर असतातच, पण कोकणातले की देशावरचे, मूळची पोटजात कोणती, हेही हळूच विचारले जाते. दीक्षाभूमीवर जे गाडले ते एसी सभागृहात उकरून काढायचे, याला काय म्हणावे? मातंग, चर्मकार, मेहतर समाजातली किती कुटुंबे या स्नेहमेळाव्यांत दिसतात? आंतरजातीय विवाहाचा उतारा बाबासाहेबांनी जातीच्या रोगावर सांगितला होता. आम्ही आमच्याच धर्मबांधवाच्या खोलीचा पत्ता पाहून स्थळ नाकारतो.

हा केवळ घरगुती प्रश्न राहिलेला नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. त्याच निकालात काही न्यायमूर्तींनी अनुसूचित जाती-जमातींनाही क्रीमी लेयर लावावा, असे मत नोंदवले. केंद्र सरकारने तसे करणार नसल्याचे त्याच महिन्यात सांगितले खरे, पण चर्चा थांबलेली नाही. आमचे मत स्पष्ट आहे. अस्पृश्यता पैशाने जात नाही. बाळूंचे शंभर बळी आणि बाबासाहेबांच्या पदव्या पाण्याच्या भांड्यापुढे हरल्या, तिथे आजच्या बँक अधिकाऱ्याचा पगार जात कशी पुसणार? म्हणून क्रीमी लेयरला आमचा विरोध आहे.

पण हा विरोध करताना आपण कोणाच्या जोरावर बोलतो? 'आम्ही समाजाचे प्रतिनिधी आहोत' या जोरावर. राखीव जागा ही खासगी बक्षिसी नव्हे, ते समाजाचे प्रतिनिधित्व आहे, हे आपले मूळ तत्त्व. मग ज्याचा समाजाशी संबंध निमंत्रणपत्रिकेवरच्या छबीपुरता उरला, तो प्रतिनिधी कोणाचा? आपले विरोधक याच स्नेहमेळाव्यांकडे बोट दाखवून विचारतात, यांना सवलत कशाला? त्यांचा हेतू खोटा आहे. परंतु त्यांच्या हाती दगड आपण देऊ नये. चाळीतला तरुण ज्या दिवशी म्हणेल की साहेबांची सवलत गेली तर माझे काय गेले, त्या दिवशी आरक्षणाच्या लढ्याचे कंबरडे मोडेल.

या दुराव्याची किंमत आपण एकदा मोजलेली आहे. दादरला गोकुळदास पास्ता मार्गावर बाबासाहेबांच्या ट्रस्टने उभारलेले आंबेडकर भवन २५ जून २०१६ च्या पहाटे पाडण्यात आले. जिथे आपली वृत्तपत्रे छापली गेली, त्या बुद्धभूषण छापखान्याची वास्तूही त्यात गेली. भवन धोकादायक झाले होते आणि तिथे नवी बहुमजली इमारत उभी राहणार होती, अशी ट्रस्टच्या बाजूची भूमिका होती. ट्रस्टशी आपलेच उच्चपदस्थ जोडलेले होते. दुसऱ्या बाजूला संतापलेला समाज होता आणि १९ जुलै २०१६ च्या मोर्चात तो मुंबईच्या रस्त्यावर उतरला. कायद्याने कोण बरोबर, यात आम्ही येथे शिरत नाही. आम्हाला दिसते ते एवढेच की ज्या वास्तूसाठी झोपडीतल्या माणसाने पदरमोड केली होती, तिचे काय करायचे हे ठरवताना त्या माणसाला विचारावे असे वाटले नाही. नवी इमारत चांगली झाली असती की वाईट, हा नंतरचा मुद्दा. ज्यांनी ठरवले त्यांची आणि ज्यांचे होते त्यांची उठबस एका सतरंजीवर राहिली नव्हती, हे खरे दुखणे.

आता टॉवरांकडे वळू. कारण हा प्रश्न उद्या अधिकाऱ्यांपुरता राहणार नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले, त्यांच्या जाहिरातीत 'क्लबहाऊस' हा शब्द असतो. जिथे आपल्या बापजाद्यांना विणखात्यात शिरू दिले नाही, तिथे आज पोहण्याचा तलाव आहे आणि रखवालदार पुन्हा आपलाच आहे. बीडीडीचे लोक टॉवरात गेले तरी हे जग त्यांच्या शेजारी असेल. चाळीत ऐंशी खोल्या होत्या, मजल्यावर एक व्हरांडा होता. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे शेजाऱ्याला कळत असे. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या दंगलीत पोलिसांच्या लाठ्या आणि वरून दगड पडत होते, तेव्हा माणसे एकमेकांच्या आधाराने उभी राहिली ती या व्हरांड्यांमुळे. लिफ्टच्या इमारतीत दार बंद झाले की संबंध संपतो. देखभाल खर्च भरता आला नाही म्हणून एखादे कुटुंब घर भाड्याने देऊन कल्याण-बदलापूरला जाईल, त्याची जागा दुसरा कोणी घेईल, आणि पंधरा वर्षांत टॉवरातही 'आपल्या स्तराची' आणि 'त्या स्तराची' अशी वाटणी होईल.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. मोठ्या नाहीत, करण्याजोग्या आहेत.

पहिली. नव्या इमारतींच्या सोसायट्या स्थापन होतील, तेव्हा विहार, वाचनालय आणि अभ्यासिकेची जागा कागदोपत्री मिळवा आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवा. चाळीच्या व्हरांड्यात अभ्यास करून माणसे कलेक्टर झाली. टॉवरात व्हरांडा नाही, म्हणून अभ्यासिका हवीच.

दुसरी. ज्या कुटुंबांची मंडळे आहेत त्यांनी ती खुशाल चालवावीत, पण प्रत्येक मंडळाने एक वस्ती आपली मानावी. तिथल्या दहावी-बारावीच्या मुलांचे अर्ज भरणे, जातपडताळणीची कागदपत्रे, शिष्यवृत्ती, मुलाखतीची तयारी ही कामे करायला पैसा कमी आणि माहिती जास्त लागते. ही माहिती अधिकाऱ्याच्या घरात असते, चाळीत नसते. आणि वर्षातला किमान एक मेळावा त्या वस्तीतच, तिथल्याच माणसांबरोबर, एकाच पंगतीत झाला पाहिजे.

तिसरी. वधू-वर मेळाव्याच्या अर्जातून पोटजात आणि प्रदेशाचा रकाना आजच काढून टाका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याला हा रकाना भरता येतो कसा, हेच आम्हाला कळत नाही.

चौथी. वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्या. नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले. या हिशेबात सचिवाचा वाटा मोठा आणि सफाई कामगाराचा लहान येतो, पण दोघांचा हिस्सा विसावाच. दोघांचा मान सारखा. सपाट रक्कम ठेवली की गरीब आपोआप गळतो. ज्याला दारावर पाटी लावायची लाज वाटते, तो तिकिटाची किंमत वाढवतो.

ज्या आया आपल्या मुलांना अशा मेळाव्यांना नेतात, त्यांना आमचे एक मागणे आहे. बायांनो, मुलांना सुरक्षित जागा द्या, तुमचा तो हक्क आहे. पण परतीच्या वाटेवर त्यांना परळची ती बीआयटी चाळ दाखवा, जिथे बाबासाहेब राहिले. आपली आजी कोणत्या चाळीत राहत होती आणि तिने कोणाची भांडी घासून तुमच्या बाबांची फी भरली, ते सांगा. ज्या मुलाला हे ठाऊक आहे, त्याला शाळेत कोणी आडनावावरून चिडवले तर तो मान खाली घालणार नाही. ज्याला हे लपवून वाढवले, त्याला कोणताही क्लब वाचवू शकणार नाही.

आणि आयोजकांनाही एक विनंती. तुमच्या पुढच्या मेळाव्यात खुर्च्या मांडायला जो मुलगा येईल, त्याला त्याचे नाव विचारा. काम झाले की त्याला आणि त्याच्या आईला पहिल्या रांगेत बसवा. सभागृह भाड्याने तुम्ही घेतले असेल, पण वर लावलेली छबी त्याचीही आहे. जयभीम!